अणुचाचणी-बंदीच्या अंदाजपत्रकाची अभिरूप सभा कशी भरवायची

सर्वसाधारण सभा कशी चालते हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. साखर कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्या, गावोगावच्या सोसायट्या. अहवाल हातात पडायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडणारे सभासद आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझी तर सगळी नोकरीच त्यात गेली, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात. त्यामुळे एका महाविद्यालयातल्या भूगोलाच्या मॅडमनी मुलांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र सभेला परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मी काय शोधणार हे उघड होतं. विषय होता अणुचाचणी-बंदी. मुलं झकास बोलली. हिरोशिमा झालं, बुद्ध झाले, गांधी झाले. पण कुणी चोरून स्फोट केलाच तर तो पकडणारी यंत्रणा कोण चालवतं, तिला वर्षाला किती पैसा लागतो आणि तो कोण भरतं, हे एकालाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून आम्ही भाषणं बाजूला ठेवली आणि अंदाजपत्रकाची सभा घेऊ लागलो. वर्गात, वाचनालयात, कुठेही जमते. पंधरा-वीस मुलं, तीन तास, एक फळा आणि प्रत्येकाच्या हातात कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागतं. पद्धत सांगतो.

आधी संस्थेची कुंडली मांडा

सभेच्या दोन आठवडे आधी मुलांना एक पान द्या. त्यावर संस्थेची माहिती, आपण दप्तर तपासायला बसलो की सुरुवातीला लिहितो तशी.

करार म्हणजे सीटीबीटी, सर्वंकष अणुचाचणी-बंदी करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो १० सप्टेंबर १९९६ रोजी स्वीकारला आणि २४ सप्टेंबरला सह्यांसाठी खुला केला. सह्या १८७ देशांच्या, रीतसर अनुसमर्थन (म्हणजे सहीनंतर देशानं दिलेली पक्की मंजुरी) १७८ देशांचं. आणि तरीही करार लागू नाही. त्याच्या पोटनियमात एक कलम आहे: परिशिष्टात नावं दिलेल्या ४४ देशांनी, एकही न गळता, अनुसमर्थन केलं तरच तो लागू होणार. या ४४ मधल्या भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियानं सहीच केलेली नाही. चीन, अमेरिका, इजिप्त, इराण, इस्रायल सही करून थांबलेत. अमेरिकेच्या सिनेटनं तर १३ ऑक्टोबर १९९९ ला तो ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला. रशियानं २००० साली केलेलं अनुसमर्थन २०२३ च्या नोव्हेंबरात मागे घेतलं. म्हणजे नऊ जण बाकी.

आपल्याकडे 'नियोजित' गृहनिर्माण संस्था असते ना, नोंदणी व्हायची आहे पण प्रवर्तक मंडळ वर्गणी गोळा करतंय, जागा घेतलीय, पाया भरलाय, तशी ही संस्था आहे. व्हिएन्नात तिचं कार्यालय आहे. नाव पूर्वतयारी आयोग, बोलीत सीटीबीटीओ. नोव्हेंबर १९९६ मध्ये स्थापन झाली आणि अजून पूर्वतयारीच चालू आहे. हे मुलांना एकदा कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. नोंदणी नाही म्हणून हक्क अपुरे, पण खर्च मात्र पुरा.

पानाच्या मागच्या बाजूला मालमत्तेची यादी. चोरटा स्फोट पकडणारं पूर्ण जाळं ३३७ ठिकाणांचं, ८९ देशांत पसरलेलं. भूकंपमापक केंद्रं ५० मुख्य आणि १२० साहाय्यक. समुद्रातल्या आवाजासाठी ११. हवेतला, कानाला ऐकू न येणारा खोल आवाज टिपणारी ६०. हवेतले किरणोत्सारी कण गोळा करणारी ८०, त्यातल्या ४० ठिकाणी झेनॉनसारखे वायूही मोजण्याची सोय ठरलेली. आणि १६ प्रयोगशाळा. तीनशेच्या वर ठिकाणं प्रमाणित होऊन चालू आहेत.

यादी वाचून दाखवू नका, झोप येते. त्याऐवजी एकाच केंद्राचा एक दिवस सांगा. कणांचं केंद्र घ्या. पंप ताशी किमान ५०० घनमीटर हवा एका गाळणीतून ओढतो, अखंड २४ तास. मग ती गाळणी काढायची आणि हवेत नेहमीच असणारे अल्पजीवी नैसर्गिक कण विरून जावेत म्हणून साधारण दिवसभर तशीच ठेवायची. मग गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात जवळजवळ दिवसभर. तोवर पंपावर पुढची गाळणी चढलेली असते. काही केंद्रांत हे यंत्रच करतं, बाकी ठिकाणी माणूस. रविवार असो की सण, एखाद्या बेटावरचा तो ऑपरेटर रोज जातो, गाळणी बदलतो, नोंद करतो. नोंदवहीत एका दिवसाची ओळ कोरी राहिली तर ती नंतर भरून निघत नाही. त्या दिवशीची हवा गेली ती गेली. हे मी मुलांना दोनदा सांगतो, कारण पडताळणीवरचा पैसा बहुतांश असल्याच कामावर जातो, आणि भाषणात त्याला टाळ्या पडत नाहीत.

आलेखांची बैठक

अंदाजपत्रकाआधी मुलांना माल दाखवा, नाहीतर नुसते आकडे होतात. यासाठी वेगळी दीड-दोन तासांची बैठक ठेवा.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, यूएसजीएसची, भूकंपसूची इंटरनेटवर मोफत शोधता येते. नकाशावर उत्तर कोरियातला चौकोन टाका: अक्षांश ४१ ते ४२ उत्तर, रेखांश १२८.५ ते १२९.५ पूर्व. तारखा २००६ पासून २०१७ अखेर, तीव्रता ४ च्या वर, घटनेच्या प्रकारावर कसलीही चाळणी नको. पुंग्ये-री या चाचणीस्थळाच्या ओळी समोर येतात: ९ ऑक्टोबर २००६, २५ मे २००९, १२ फेब्रुवारी २०१३, ६ जानेवारी २०१६, ९ सप्टेंबर २०१६, ३ सप्टेंबर २०१७. खोलीच्या रकान्यात शून्य. मुलांना आधी काही सांगू नका. 'या यादीत काय खटकतंय?' एवढंच विचारा. कुणीतरी खोलीवर बोट ठेवतंच: भूकंप सहसा किलोमीटरांनी खोल होतो, स्फोट जमिनीलगत.

शेवटच्या स्फोटाची तीव्रता यूएसजीएस ६.३ देते, सीटीबीटीओ ६.१. यावर एखादा हुशार मुलगा 'साहेब, हिशेब जुळत नाही' म्हणणार. म्हणू दे. मोजणाऱ्यांची केंद्रं वेगळी, पद्धत वेगळी. दोन स्वतंत्र हिशेबनिसांचे आकडे शेवटच्या पैशापर्यंत जुळले तरच मला संशय येतो.

मग आलेख. चीनमधल्या मुदानजियांगचं केंद्र, संकेताक्षर एमडीजे, पुंग्ये-रीपासून साधारण पावणेचारशे किलोमीटरवर आहे आणि त्याच्या नोंदी अर्थस्कोप या अमेरिकी भांडारातून काढता येतात. एक स्फोटाचा आणि एक त्याच भागातल्या नैसर्गिक भूकंपाचा, असे दोन आलेख मोठ्या कागदावर छापा. मुलांना पेन्सिल द्या. पहिली लहर, म्हणजे पी, कुठे सुरू होते आणि दुसरी, एस, कुठे, ते खुणवायला सांगा. स्फोटात पी एकदम ताठ उठते आणि तिच्या मानानं एस मरगळलेली असते. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, म्हणून एस जोरकस. स्फोट चहूबाजूंनी सारखा ढकलतो, घसरण एका दिशेला ओढते नि दुसऱ्या दिशेला ढकलते. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लांब लहरीही स्फोटात तुलनेनं क्षीण. एवढं कळलं तरी बस्स.

इथे सोलापूरची एक सोय आहे, ती वापरा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, किल्लारी. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून माणसं नुकती झोपलेली. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा: पहिला थरथराट आणि मोठा हेलकावा यांच्यात किती वेळ गेला? पी आणि एस यांच्यातल्या सेकंदांना आठानं गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये ढोबळ येतं. नव्वदला आठानं भागलं की अकरा सेकंद. आठवणीतले सेकंद कुणाचेच बरोबर नसतात. कुणी पाच सांगतं, कुणी 'अर्धा तास हलत होतं' म्हणतं. पण 'आधी मांडणीतली भांडी वाजली, मग खाट सरकली' असं सांगणारी म्हातारी माणसं भेटतात, आणि मग एस लहर म्हणजे काय ते मुलाला पुस्तकाविना कळतं.

दुसरी सोय खडीच्या खाणींची. सुरुंगाचे स्फोटही भूकंपमापकांवर उमटतात. सूचीतल्या शंकास्पद घटनांची वेळ पाहायला सांगा. सुरुंग दिवसा, कामाच्या वेळेत उडतात, भूकंपाला घड्याळ नाही. लेखापरीक्षणात आम्ही पावत्यांच्या तारखा बघायचो, त्यातलाच हा प्रकार.

आणि जे पकडलं गेलं नाही तेही दाखवा. ११ मे १९९८ चे पोखरणचे स्फोट जगभर नोंदले गेले. १३ मे रोजी भारतानं जाहीर केलेल्या, एक किलोटनाहून लहान दोन चाचण्या मात्र तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय भूकंप-जाळ्याला दिसल्या नाहीत. जाळं तेव्हा अर्धवट होतं, आता बरंच दाट आहे. तरी अगदी लहान स्फोट हा कायमचा प्रश्न आहे. यंत्रणा अचूक आहे असं मुलांच्या गळी उतरवू नका. ३ सप्टेंबर २०१७ चा स्फोट आपल्या घड्याळात सकाळी नऊचा. त्याच्या लहरी नऊएक मिनिटांत सोलापूरच्या खालून गेल्या, रविवारचा नाश्ता चालू असताना. कुणाला काही कळलं नाही. कळायला यंत्र लागतं आणि यंत्राला पैसा.

जमेची बाजू

आता फळ्यावर दोन रकाने ओढा. जमा आधी.

वर्षाचं अंदाजपत्रक साधारण १३ कोटी डॉलर. पंचाऐंशी रुपयांनी ११०० कोटी रुपये. सभासदांची वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या दरपत्रकावरून ठरते, जे सभासद नाहीत त्यांना वगळून. २०२५ ते २०२७ च्या दरपत्रकात अमेरिका २२ टक्के, चीन २० टक्के, जपान ७ टक्क्यांच्या जरा खाली. सगळ्यात गरीब देशाचा किमान दर ०.००१ टक्का. मुलांना हिशेब करू द्या: वर्षाला तेराशे डॉलर, लाख-सव्वा लाख रुपये. भारताचा दर १.१ टक्का आहे. उद्या आपण सभासद झालो तर वर्षाला साधारण बारा कोटी रुपये. हा आकडा फळ्यावर आला की वर्गात कुजबुज होते, 'अबे, एवढंच?' इथे थांबून सांगा की भारत पैशापायी बाहेर राहिलेला नाही. त्याचं पुढे येतो.

आता मुद्द्याचं कलम. वर्गणीची मागणी पोचल्यापासून ३६५ दिवसांत जो देश पूर्ण रक्कम भरत नाही, त्याचा आयोगातला मताचा हक्क जातो. थकबाकीदाराला मत नाही. हे वाक्य सहकारात उभ्या जन्मात मी किती वेळा लिहिलं असेल! आणि त्यातली पळवाटही माहीत आहे. इथेही निर्णय शक्यतो एकमतानं घ्यायची रीत आहे. जिथे मतदानच क्वचित होतं, तिथे मत गेल्याचा मोठ्या सभासदाला काय चटका? छोट्याला लाज वाटते, मोठा बिनधास्त असतो. मुलांना यावर तोडगा मागा. आमच्याकडे एका मुलीनं सुचवलं की थकबाकीची यादी अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी. तिला मी पूर्ण गुण दिले.

वर्गणी दोन चलनांत ठरते, डॉलर आणि युरो, कारण व्हिएन्नातले पगार युरोत. चलनाचा फरक हा विषय कॉमर्सच्या मुलांवर सोपवा, बाकीच्यांना सोडा.

दुसरा स्रोत ऐच्छिक देणग्यांचा. युरोपीय संघ वर्षानुवर्षं देतोय, त्यात साहाय्यक भूकंपकेंद्रं टिकवण्यासाठीही पैसा होता. जपाननं २०१७ च्या फेब्रुवारीत २४ लाख ३० हजार डॉलर दिले. त्यातून होरोनोबे आणि मुत्सु इथे फिरती यंत्रं लावून हवेतल्या झेनॉनची पार्श्वभूमी मोजली. याचं कारण मुलांना आवडतं: दवाखान्यातल्या तपासण्यांसाठी लागणारं मॉलिब्डेनम-९९ बनवताना जो झेनॉन सुटतो, तो अणुस्फोटातल्या झेनॉनसारखाच असतो. कारखान्याचा कुठला आणि बॉम्बचा कुठला हे ओळखायचं, तर नेहमीचा किती असतो हे आधी मोजावं लागतं. देणगी चांगलीच, पण माझं मत विचाराल तर देणगीवर संस्था चालवू नये. देणगीदार स्वतःच्या आवडीचं काम निवडतो. गटाराच्या झाकणासाठी कोणी देणगी दिलेली मी पाहिलेली नाही.

खर्चाची बाजू, म्हणजे खरी सभा

मुलांना भूमिका वाटा. अमेरिका, चीन, जपान, जर्मनी, श्रीलंका, कझाकस्तान, चिली, दोन-तीन किमान वर्गणीवाले बेटदेश, आणि सचिवालयाचे तिघे. भारत आणि पाकिस्तान मागच्या बाकावर. पाकिस्तान निरीक्षक म्हणून, भारत तोही नाही. खरी रचना अशीच आहे आणि ती खोलीत दिसली पाहिजे. भारताच्या बाकावर सगळ्यात बडबडं पोर बसवा. त्याला दोन तास बोलता येणार नाही, आणि त्यातून तो जे शिकेल ते कुणी सांगून शिकणार नाही.

सचिवालयानं शंभर गुणांचं अंदाजपत्रक मांडायचं: केंद्रांची देखभाल, माहिती-केंद्र, स्थळ-तपासणीची तयारी, प्रशिक्षण, प्रशासन, राखीव निधी. हे शंभर गुण आपल्या खेळापुरते, खरे टक्के नव्हेत, हे फळ्यावर लिहून ठेवा. एकच अट घाला: एकूण वाढवायचं नाही. वास्तवातही बरीच वर्षं शून्य वास्तव वाढ याच धोरणावर अंदाजपत्रक बसवलं गेलं, म्हणजे महागाईपुरती वाढ, त्यापुढे काही नाही.

पहिल्या फेरीत मुलं हमखास देखभाल कापतात आणि प्रशिक्षण, परिषदा, जनजागृती वाढवतात. कापू द्या. मग एकेक चिठ्ठी काढा.

पहिली चिठ्ठी चिलीची. २७ फेब्रुवारी २०१० च्या भूकंपानंतरच्या त्सुनामीनं हुआन फर्नांडेझ बेटांवरचं जलध्वनी केंद्र वाहून नेलं. समुद्रात खोलवर तरंगत्या ध्वनिग्राहकांची अशी केंद्रं साऱ्या जगासाठी सहाच आहेत. समुद्रात आवाज हजारो किलोमीटर जातो म्हणून सहा पुरतात, आणि सहाच म्हणून एक गेलं तर महासागराचा मोठा तुकडा बहिरा होतो. दुरुस्तीला जहाज लागतं, समुद्रतळावरची केबल लागते, हवामानाची वाट पाहावी लागते. ते केंद्र पुन्हा उभं राहायला २०१४ उजाडलं. सभेपुढचा प्रश्न: पैसा कुठून आणायचा? इतर केंद्रांची देखभाल कापून, जादा वर्गणी बसवून, की आधीपासून बाजूला काढलेल्या निधीतून? जिनं पहिल्या फेरीत राखीव निधी शून्यावर आणलेला असतो, तिच्या तोंडाकडे या वेळी बघावं.

इथेच मी घसारा शिकवतो. ज्या कारखान्यानं बॉयलरचा घसारा धरला नाही, त्याचा नफा बॉयलर फुटेपर्यंत चांगला दिसतो. जाळ्यातली पुष्कळ केंद्रं २००० च्या आगेमागे उभी राहिली. त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी मॉडेलं बदलली, संगणक दोन पिढ्या जुने झाले. आजवर उभारणीवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याचं सांगतात. मी हिशेबनीस आहे, मला एक अब्ज ऐकून आनंद होत नाही. मी विचारतो, बदलीसाठी दरसाल किती बाजूला टाकता? मुख्य भूकंपकेंद्रांकडून ९८ टक्के वेळ माहिती मिळालीच पाहिजे असा संस्थेचा दंडक आहे. जुन्या यंत्रावर तो पाळणं म्हणजे रोजची मारामारी. पडताळणी मजबूत करा असं ज्यांना म्हणायचं असेल, त्यांनी आधी घसारा निधीचा ठराव मांडावा. बाकीचं नंतर.

दुसरी चिठ्ठी श्रीलंकेची. कँडीजवळ पल्लेकेले इथे साहाय्यक भूकंपकेंद्र आहे. मुख्य केंद्रांचा खर्च संस्था करते. साहाय्यक केंद्र चालवण्याचा खर्च मात्र यजमान देशानं करायचा, संस्था फक्त सुरुवातीची सुधारणा आणि माहिती पाठवण्याचा भार उचलते. असं करारातच आहे. आता श्रीलंकेच्या भूमिकेतल्या मुलाला सांगा: २०२२ साल आहे, देशात परकीय चलन नाही, पेट्रोलला रांगा आहेत, आणि तुझ्या केंद्राचा डिजिटायझर बिघडलाय असं समजू. (बिघाड आपण कल्पिलेला, टंचाई खरी.) तो काय करेल? केंद्र १२० आहेत आणि असे यजमान बरेच. या चिठ्ठीवर आमच्याकडे वाद सर्वाधिक रंगतो. 'करारात लिहिलंय, भरा' असं जपान म्हणतो. बेटदेश म्हणतात, 'माहिती तुम्ही सगळे वापरता, मग बिल आमच्या एकट्याच्या नावावर का?' दोन्ही बरोबर आहेत. मी निकाल देत नाही, इतिवृत्तात दोन्ही नोंदवून घेतो.

तिसरी चिठ्ठी: सगळ्यात मोठा वर्गणीदार म्हणतो, स्थळ-तपासणीच्या शीर्षाला मी पैसे देणार नाही. २००१ मध्ये बुश प्रशासनानं हेच केलं होतं. मुलांना विचारा, सभासदाला शीर्षं निवडून वर्गणी देता येते का? आपल्याकडे कुणी 'कारखान्याला देतो, पण त्याच्या शाळेला नाही' म्हणालं तर उपनिबंधक काय म्हणेल?

इथे स्थळ-तपासणी नेमकी काय ते सांगून टाका. करार लागू झाल्यावर संशयित जागी ४० पर्यंत निरीक्षक जाऊ शकतात, क्षेत्र जास्तीत जास्त १००० चौरस किलोमीटर, मुदत ६० दिवस आणि हवी तर आणखी ७०. परवानगीला ५१ जणांच्या कार्यकारी परिषदेत ३० मतं लागतात. करार लागू नाही म्हणून आज एकही खरी तपासणी होऊ शकत नाही. सराव मात्र होतात: २००८ मध्ये कझाकस्तानात जुन्या सेमिपालातिन्स्क चाचणी-मैदानावर, २०१४ मध्ये जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ. न वापरता येणाऱ्या गोष्टीच्या तयारीवर पैसा घालायचा का, यावर मत घ्या.

वेळ उरला तर चौथी चिठ्ठी उपयोगाची: माहिती दुसऱ्या कामांना दिली तर कोणी जास्त वर्गणी देईल का? २००४ च्या त्सुनामीनंतर अनेक देशांच्या इशारा-केंद्रांना हा डेटा करारानं मिळू लागला. २०११ मध्ये फुकुशिमाचे कण जगभर कसे पसरले ते याच जाळ्यानं दाखवलं. २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कचा अशनी आणि २०१७ मध्ये बुडालेली अर्जेंटिनाची पाणबुडी 'सान हुआन', दोन्हींचे आवाज पकडले. मुलं इथे खुलतात. फार खुलू देऊ नका, मूळ काम बाजूला पडतं.

भारताचा प्रश्न येणारच

मागच्या बाकावरचं पोर शेवटी उठून विचारणारच, 'साहेब, आपण सभासदच नाही, मग एवढा खटाटोप कशाला?'

उत्तर तयार ठेवा, आणि ते एकतर्फी नको. २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला, बिकिनी बेटावरच्या मोठ्या अमेरिकी स्फोटानंतर महिन्याभरात. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारावर आपली सही आहे. १९९६ मध्ये मात्र अरुंधती घोष यांनी जिनिव्हात ठामपणे नाही म्हटलं. अण्वस्त्रं नष्ट करण्याची कालमर्यादा नाही, ज्यांच्याकडे आहेत ते ठेवून बसणार, आणि आमच्या संमतीशिवाय आमचं नाव त्या ४४ मध्ये घालणार, हे मान्य नाही. यातले आक्षेप आजही पोकळ नाहीत. १९९८ नंतर भारतानं स्वतःहून चाचण्या थांबवल्या आहेत. म्हणजे वागणं सभासदासारखं, नाव यादीत नाही, माहितीवर हक्क नाही. संस्थेचे आधीचे कार्यकारी सचिव लासिना झेर्बो यांनी भारतानं किमान निरीक्षक म्हणून यावं असं अनेकदा सुचवलं. सहीचा प्रश्न वेगळा, निरीक्षकाचा वेगळा, हे मुलांना सुटं करून दाखवा. मोठी माणसंही ते एकत्र करतात.

आणि काळ बदलतोय. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या अध्यक्षांनी चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली. अशा वेळी खरं कोण बोलतंय हे सांगणारं जाळं आजारी पडून चालणार नाही. बाहेर राहिलेल्या देशालाही ते हवंच.

सभेनंतरचं पत्र

ठराव करून घरी जायचं नाही. जिल्हा लोकसभेच्या सोलापूर आणि माढा या मतदारसंघांत येतो, बार्शी तेवढी धाराशिवमध्ये (उस्मानाबाद). ज्याचा जो खासदार, त्याला मुलांनी पत्र द्यावं आणि लेखी उत्तरासाठी प्रश्न विचारायची विनंती करावी. प्रश्न १५० शब्दांच्या आत, माहिती मागणारा, मत सांगणारा नको. 'सरकारने शांतता प्रस्थापित करावी काय' असला प्रश्न कचऱ्यात जातो. सूचना किमान १५ दिवस आधी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा पाहूनच पत्र न्या.

आमच्या मुलांनी काढलेल्यांपैकी दोन चांगले: पूर्वतयारी आयोगात निरीक्षक म्हणून सहभागाबाबत सरकारची भूमिका काय? आणि हैदराबादच्या इन्कॉइस या त्सुनामी इशारा-केंद्राला सीटीबीटीओच्या केंद्रांचा डेटा मिळतो काय, नसल्यास तो मिळवण्याचा विचार आहे काय? दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. त्यात कुणाची प्रतिष्ठा अडकत नाही आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

माहिती अधिकाराचाही मार्ग आहे, दहा रुपये शुल्क, ऑनलाइन होतो. पण परराष्ट्र संबंध आणि सुरक्षेच्या नावाखाली कलम ८ लावून नकार येण्याची शक्यता धरा. तो नकारही फाइलला लावा.

तारीख निवडताना २९ ऑगस्ट बघा, अणुचाचण्यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९९१ मध्ये त्याच तारखेला सेमिपालातिन्स्क बंद झालं, ४५६ चाचण्यांनंतर. मात्र गणपती अलीकडे-पलीकडे असतात, मुलं मंडळात आणि लेझीमच्या सरावात, हॉल मिळत नाही. जुलैतच नाव घालून ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारची सभा घेण्याचा विचारही करू नका.

खासदारांच्या कार्यालयात पत्र दिलं की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. उत्तर आलं तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्याची प्रत पहिल्या क्रमांकावर लावायची. नाही आलं तर महिन्याभरानं स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक वर लिहून.